डोक्यातली दुखरी गाठ: केसतूड, आवाळू की आणखी काही?

भांग पाडताना कंगवा अडतो आणि कळ येते. बोट लावून पाहिलं तर केसांत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दिवसातून वीस वेळा बोट तिथे जातं. चाचपणं, दाबणं, नखाने खपली काढणं सुरू होतं. एरवी आठवड्यात बरी झाली असती अशी पुळी चिघळते, ती बहुतेकदा या बोटामुळेच.

‘डोक्यात गाठ’ म्हटलं की घरात पहिली भीती मेंदूतल्या गाठीची. ती आधी दूर करू. मेंदूतली गाठ कवटीच्या आत असते, ती बोटाला लागत नाही. बोटाला लागते ती गाठ त्वचेची, केसाच्या मुळाची, त्वचेखालच्या चरबीची किंवा फार तर कवटीच्या हाडाची. आणि दुखतेय म्हणजे गंभीर, हा समजही बराचसा उलटा आहे. चार-पाच दिवसांत उठलेली, ठणकणारी, लाल गाठ जवळपास नेहमी जंतुसंसर्गाची असते आणि नीट हाताळली तर बरी होते. न दुखता महिनोन्महिने वाढणारी, कवटीला चिकटलेली गाठ मात्र लोक ‘दुखत तर नाही ना’ म्हणून वर्षभर अंगावर काढतात.

इतकं का ठणकतं?

दंडावरच्या गळवापेक्षा डोक्यातली लहानशी पुळी जास्त दुखते, त्याचं कारण टाळूच्या रचनेत आहे. डोक्याच्या कातडीखाली चिवट तंतूंचा दाट थर असतो आणि तो खालच्या पातळ, पडद्यासारख्या आवरणाला घट्ट जखडलेला असतो. सूज पसरायला तिथे जागाच नसते. थोडासा पू साठला तरी दाब वाढतो आणि मज्जातंतू ओरडू लागतात. याच तंतूंमुळे रक्तवाहिन्या कापल्यावर मिटत नाहीत, म्हणून डोक्यावरची बारीक जखमही भळाभळा वाहते. ती घाबरून पुन्हा पुन्हा पुसायची नसते. स्वच्छ कापड घडी करून १० मिनिटं न उचलता दाबून धरायचं.

त्या पडद्याच्या खाली मात्र एक सैल थर आहे. तिथे पू किंवा रक्त पोहोचलं तर ते कपाळापासून मानेपर्यंत कुठेही सरकू शकतं. डोक्याला मार लागल्यावर दुसऱ्या दिवशी डोळा काळानिळा होतो तो यामुळेच. टाळूच्या काही शिरा कवटीच्या बारीक छिद्रांतून आतल्या शिरांना मिळतात आणि त्यांना झडपा नसतात. दाबून पू खोल सरकवण्याचा धोका इथे आहे. असं क्वचित घडतं, पण घडलं तर प्रकरण मेंदूच्या आवरणापर्यंत जातं.

आधी नीट बघा

आंघोळीनंतर केस ओले असताना उन्हाजवळ बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी केस बाजूला करून मोबाइलने फोटो काढायला सांगा. शेजारी मोजपट्टी धरली तर उत्तम. रोज चाचपण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी काढलेला असा दुसरा फोटो जास्त काही सांगतो.

बोटाने एकदाच, हलक्या हाताने चार गोष्टी पाहायच्या. कातडीखाली गाठ सरकते का, की हाडाला चिकटलेली आहे? टणक आहे, लिबलिबीत आहे, की दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटतं? वर बारीक काळं छिद्र किंवा पिवळं तोंड आहे का? आणि गाठीवरचे केस शाबूत आहेत का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, पण लहान मुलांत निदान त्यावरच ठरतं. मग कानामागे आणि मानेच्या वर, जिथे केस संपतात तिथे, दोन्ही बाजूंना हात फिरवून आणखी गाठी लागतात का ते पाहा.

केसतूड

‘केस तुटला म्हणून केसतूड झालं’ असं घरोघरी म्हणतात. अगदी चूक नाही. सुरुवात केसाच्या मुळाशीच होते. आपल्या नाकात आणि कातडीवर वस्ती करणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू केसाच्या पिशवीत शिरतो. संसर्ग वरवरचा राहिला तर टाचणीच्या डोक्याएवढ्या, मधोमध केस असलेल्या पिवळ्या पुटकुळ्या येतात आणि आठ-दहा दिवसांत सुकतात. तो पिशवीच्या तळापर्यंत गेला की केसतूड. लाल, कडक, ठसठसणारी गाठ, जी चार-पाच दिवसांत पिकते, तिला तोंड येतं आणि फुटते. शेजारशेजारच्या अनेक पिशव्या एकत्र पिकून चाळणीसारखी अनेक तोंडं पडली तर ती काळपुळी. ती बहुधा मानेवर, केसांच्या कडेला येते आणि मधुमेह असलेल्यांना जास्त गाठते. काळपुळीवर घरी काहीही करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

मे-जूनमध्ये केसतुडं वाढतात तेव्हा दोष आंब्यावर जातो. खरी कारणं घाम, दमट हवा आणि डोक्यावर तासन् तास बसलेलं हेल्मेट ही असतात. हेल्मेटचं आतलं अस्तर बहुतेक मॉडेलांत सुटं होतं. ते दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावं. दुसऱ्याचं हेल्मेट घालावंच लागलं तर आत सुती रुमाल बांधावा. रात्री चोपडलेलं तेल दोन-दोन दिवस तसंच ठेवणं, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा, मुळं ताणणारी वेणी, सलूनमध्ये वस्तऱ्याला नवं ब्लेड न घालणं, हीही नेहमीची कारणं. ज्यांना पुन्हा पुन्हा पुटकुळ्या येतात त्यांनी टाळूला तेल लावणं महिनाभर बंद करून पाहावं. केसांच्या टोकांना लावायला हरकत नाही.

घरचा उपचार एकच, पण तो नीट करायचा: ओला शेक. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसवेल इतकंच गरम घ्यावं. धुतलेला सुती रुमाल त्यात बुडवून, पिळून गाठीवर १० ते १५ मिनिटं ठेवावा, थंड झाला की पुन्हा बुडवावा. असं दिवसातून तीन ते चार वेळा. शेकाने रक्तपुरवठा वाढतो, पू एका जागी गोळा होतो आणि तोंड लवकर येतं. रुमाल दर वेळी वेगळा घ्यावा किंवा गरम पाण्यात धुवावा, उशीचा अभ्रा रोज बदलावा, कंगवा आणि टॉवेल कुणाला देऊ नये. कोरडा तवा-शेक देऊ नका. केसांमुळे उष्णता किती लागतेय ते कळत नाही आणि कातडी भाजते.

दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅम चालते. दोन गोळ्यांत निदान सहा तास जावेत. गोळी घेण्यापूर्वी ताप मोजून लिहून ठेवावा. नाहीतर गोळीने ताप उतरतो आणि ‘ताप नव्हता’ असं डॉक्टरांना सांगितलं जातं.

आता काय करू नये. फुटेपर्यंत पिळू नये. सुईने टोचू नये, सुई गॅसवर लाल केली तरीही. पू बाहेर येतो त्याहून जास्त आत ढकलला जातो. गूळ-चुन्याचा लेप अजूनही लावला जातो. चुना तीव्र अल्कली आहे, तो कातडी जाळतो. केसतूड ‘फुटलं’ असं वाटतं, पण प्रत्यक्षात भाजल्याची जखम झालेली असते आणि तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. तंबाखू, टूथपेस्ट, शाईसुद्धा नको. रक्तचंदन किंवा आंबेहळद उगाळून शाबूत कातडीवर लावली तर सहसा नुकसान नाही. फुटलेल्या जखमेवर मात्र सहाणेवरचं काहीही जाऊ देऊ नये.

केमिस्टकडून तीन दिवसांची अँटिबायोटिक आणणं हा त्याहून मोठा घोटाळा. पिकलेल्या गळवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून गोळीतलं औषध पुवापर्यंत नीट पोहोचतच नाही. आजूबाजूची लाली कमी होते, ठणका थांबतो, गोळ्या बंद होतात आणि दहा दिवसांनी तीच गाठ परत. शिवाय जंतू त्या औषधाला सरावतात ते वेगळंच. पू झाला असेल तर तो बाहेर काढणं हाच उपचार. गोळ्या त्याच्या जोडीला.

डॉक्टर चिरा देतात तेव्हा काय होतं? सगळं डोकं भादरत नाहीत, गाठीभोवतीचे थोडे केस कापतात. भुलीचं इंजेक्शन देतात. ते सुजलेल्या जागी कमी लागू पडतं, कारण संसर्ग झालेल्या ऊतींत आम्लता वाढलेली असते. त्यामुळे थोडं दुखतं, हे आधी ठाऊक असलेलं बरं. लहान चिरा, आतले कप्पे मोकळे करणं, सलाइनने धुणं आणि खोल पोकळी असेल तर गॉजची पट्टी आत ठेवणं, एवढं काम. पट्टी रोज किंवा दिवसाआड बदलावी लागते आणि जखम तळापासून भरत वर येते, एक ते दोन आठवड्यांत. वरून टाके घातले नाहीत म्हणून तक्रार करू नका. ते मुद्दामच घालत नाहीत. गळू वरचेवर होत असेल तर पुवाचं कल्चर करायला आपणहून सांगा. नेमकं कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं.

सहा महिन्यांत दोन-तीन केसतुडं झाली तर रक्तातली साखर तपासायचीच. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त आली, तर मधुमेहाचं निदान होतं. लक्षणं नसतील तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करतात. केसतूड घेऊन आलेल्या माणसाला मधुमेह आहे हे तिथेच पहिल्यांदा कळणं, ही डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातली गोष्ट.

आवाळू

वर्षानुवर्षं डोक्यात असलेली, गोटीसारखी गुळगुळीत, हलणारी, न दुखणारी गाठ म्हणजे आवाळू. डोक्यावरची बहुतेक आवाळवं केसाच्या पिशवीच्या अस्तरापासून बनतात. या जातीच्या १०० गाठींपैकी सुमारे ९० डोक्यावरच येतात, बायकांत जास्त, आणि घराण्यात चालत येतात. आईच्या डोक्यात दोन, मावशीच्या चार, असं चित्र नेहमी दिसतं. आत चरबी असते असं लोक समजतात, पण ते केराटिन असतं, म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात तेच, लगद्याच्या रूपात.

दुखत नाही, वाढत नाही, कंगव्यात अडकत नाही, तर त्याला हात लावायची गरज नाही. दुखू लागलं की समजावं, पिशवीची भिंत कुठेतरी फाटली. कंगव्याचा दात, हेल्मेटची कडा किंवा कुणीतरी ‘फोडून टाकू’ म्हणून दिलेला दाब. केराटिन बाजूच्या मांसात सांडलं की शरीर त्याला परकं समजून हल्ला करतं. एका रात्रीत गाठ दुप्पट होते, लाल होते, तापते. हे दिसतं गळवासारखं, पण दर वेळी जंतू असतातच असं नाही.

सुजलेलं आवाळू त्याच दिवशी मुळासकट काढायचा हट्ट धरू नये. सुजेत भिंत लोण्यासारखी मऊ झालेली असते, तुकडे होतात, एखादा कपटा आत राहतो आणि त्यातून आवाळू पुन्हा भरतं. म्हणून आधी पू असेल तर काढतात, सूज उतरू देतात आणि साधारण सहा-आठ आठवड्यांनी भिंतीसकट गाठ काढतात. न सुजलेलं आवाळू मात्र भूल देऊन बाहेरच्या बाहेर, अर्ध्या तासात, अख्ख्या बोरासारखं निघून येतं. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात. काढलेली गाठ फेकून न देता पॅथॉलॉजीला पाठवायला सांगावं. शंभरांतल्या एखादीत वेगळं काही निघू शकतं आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

मुलांच्या डोक्यातले खवडे

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा, कारण इथे चूक झाली तर मुलाच्या डोक्यावर कायमचं टक्कल राहतं.

तीन ते दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आधी रुपयाएवढा खवलेदार चट्टा येतो, केस मुळाशी तुटतात, काळे ठिपके दिसतात. घरचे म्हणतात कोंडा, किंवा चाई. ही असते बुरशी, गजकर्णाच्याच कुळातली. काही मुलांत शरीर त्या बुरशीवर तुटून पडतं आणि तिथे पोळीच्या गोळ्यासारखी मऊ, लिबलिबीत, दुखरी सूज उठते. तिला बारीक तोंडं पडून पू आणि लस येते, वर मधासारखी पिवळी खपली धरते. डॉक्टर याला केरिऑन म्हणतात. मानेमागे अवधाण येतं, म्हणजे तिथल्या ग्रंथी सुजतात, थोडा तापही असतो.

दिसायला हुबेहूब गळू, म्हणून चिरा दिला जातो. चिऱ्यातून फारसं काही निघत नाही, व्रण मात्र राहतो. ओळखायची खूण केसांत आहे. गळवावरचा केस ओढला तर मूल किंचाळतं. केरिऑनवरचे केस चिमटीत अलगद निघून येतात आणि मुलाला कळतही नाही.

मलम लावून हे बरं होत नाही. बुरशी केसाच्या आत, मुळाशी असते आणि मलम तिथवर झिरपत नाही. पोटातून औषध घ्यावं लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनावरून, चार ते आठ आठवडे. ग्रिसिओफुल्विन स्निग्ध अन्नासोबत चांगलं शोषलं जातं, म्हणून ते दुधाबरोबर किंवा तूप घातलेल्या वरणभातानंतर द्यावं. पंधरा दिवसांत सूज उतरते आणि इथेच आईवडील औषध थांबवतात. थांबवू नका. कोर्स डॉक्टर सांगतील तेवढा पुरा. औषध सुरू झाल्यावर अंगावर खाजरे बारीक पुरळ उठले तर ती औषधाची ॲलर्जीच असेल असं नाही. मेलेल्या बुरशीवर शरीराची अशी प्रतिक्रिया येते. मनाने गोळ्या बंद न करता डॉक्टरांना दाखवून विचारावं.

केटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवावा. त्याने रोग बरा होत नाही, पण इतरांना लागण कमी होते. भावंडांची डोकी तपासावीत, कंगवे आणि टोप्या वेगळ्या कराव्यात. घरात मांजराचं किंवा कुत्र्याचं पिल्लू असेल आणि त्याचे केस गोल चट्ट्यांत गेले असतील तर तेही पशुवैद्याला दाखवावं. स्टेरॉइड मिसळलेली ‘सब कुछ’ मलमं, जी गजकर्णावर सर्रास खपवली जातात, त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी दुप्पट पसरते.

मानेवरच्या गाठी, अवधाण, आणि केसांतली गोचीड

शून्य नंबरचा ट्रिमर मारून मानेवर रेघ कोरण्याची हौस असलेल्या तरुणांना केसांच्या कडेला कडक, दुखऱ्या, दाण्यांसारख्या फोडी येतात. कापलेला आखूड केस वळून कातडीत शिरतो, ताठ कॉलर घासते आणि हळूहळू फोडींच्या जागी जाड वण तयार होतो. वण जुना झाला की औषधं फारशी चालत नाहीत. म्हणून पहिल्या फोडींनाच केस निदान तीन मिलिमीटर ठेवावेत, मानेवर वस्तरा नको, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. तरुण पुरुषांतच आणखी एक चिवट प्रकार दिसतो. डोक्यावर अनेक मऊ गाठी येतात, एक दाबली की पू भलत्याच तोंडातून येतो, कारण त्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. हे एका चिऱ्याचं काम नाही. महिनोन्महिने औषध चालतं, म्हणून पहिल्यापासून एकाच त्वचारोगतज्ज्ञाकडे राहावं.

मानेच्या वर किंवा कानामागे वाटाण्याएवढ्या हलत्या गाठी लागल्या तर त्या बहुधा लसिकाग्रंथी असतात. त्या स्वतः रोग नसतात, पहारेकरी असतात. मग डोक्यात कारण शोधायचं. मुलींमध्ये पहिली शंका उवांची. खाजवून जखमा, त्यात पू, आणि मानेमागे अवधाण. उवा-लिखा गेल्या की ग्रंथी तीन-चार आठवड्यांत उतरतात. त्याहून जास्त टिकल्या, दोन सेंटिमीटरच्या पुढे गेल्या, रबरासारख्या टणक झाल्या किंवा वजन घटू लागलं, रात्री घाम सुटू लागला, तर तपासणी हवी. आपल्याकडे क्षयाची शंका लगेच घेतात आणि ती घ्यायलाच हवी.

रानातून, गोठ्यातून आल्यावर केसांत अचानक मसासारखं काही हाताला लागलं तर आधी उजेडात बघा, पाय दिसतात का. गोचीड असेल तर रॉकेल, तेल, काडी यांच्या नादी न लागता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीकडे गोचिडींतून माकडताप पसरलेला आहे. तिथून आल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर गोचीड चावल्याचं डॉक्टरांना सांगावं.

गाठ लहान, दुखणं मोठं

डोक्याच्या एकाच बाजूला जळजळ, विजेसारखी चमक, केसांना हात लावू न देणं, आणि दोन-चार दिवसांनी त्याच पट्ट्यात पुटकुळ्यांचे घोस: ही नागीण. मधली रेघ ती ओलांडत नाही. कुणाकडून तरी ‘नागीण उतरवून’ घेण्यात जे दिवस जातात, तेच औषधाचे असतात. विषाणूविरोधी गोळ्या पुटकुळ्या आल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगला उपयोग. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या टोकावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

पन्नाशीपुढच्या माणसाची कानशिलं दुखतात, केस विंचरवत नाहीत, कानशिलावरची शीर दोरीसारखी टणक आणि दुखरी लागते, भाकरी चावताना जबडा भरून येतो. हा धमनीचा दाह असू शकतो. आपल्याकडे तो कमी दिसतो, म्हणूनच डोकेदुखीच्या गोळ्यांवर निभावला जातो. उपचार लांबला तर एका दिवसात दृष्टी जाऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या त्याच दिवशी करून स्टेरॉइड सुरू करावी लागतात. एका डोळ्यापुढे क्षणभर पडदा आला तर थेट मोठं रुग्णालय.

मार लागून आलेलं टेंगूळ

याला शेक नको, बर्फ. फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दोन तासांनी पुन्हा. चोळायचं नाही. टेंगूळ दाबून ‘बसवायचं’ तर मुळीच नाही. बहुतेक टेंगळं आठवडाभरात उतरतात. मोठं असेल तर दोन-तीन आठवडे.

दोन वर्षांखालच्या बाळाला कपाळ सोडून बाजूला किंवा मागे मऊ, लिबलिबीत टेंगूळ आलं तर खाली हाड चिरलेलं असू शकतं. बाळ हसत असलं तरी दाखवून आणा. कोणत्याही वयात शुद्ध हरपणं, वारंवार उलटी, झटका, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, कानामागे निळं पडणं, झोपेतून नीट जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी साध्या माराचंही डॉक्टरांना सांगावं. म्हाताऱ्या माणसांत आतला रक्तस्राव दोन-तीन आठवड्यांनी, चाल बिघडून किंवा बोलणं असंबद्ध होऊन समोर येतो.

नवजात बाळाच्या डोक्यावर, एका हाडापुरती मर्यादित असलेली सूज म्हणजे हाडाच्या आवरणाखाली साठलेलं रक्त. ते काही आठवड्यांत आपोआप शोषलं जातं. त्या काळात बाळ पिवळं दिसतंय का याकडे लक्ष ठेवायचं. मालिशवाल्या बाईंनी डोकं गोल करायच्या नादात ती जागा चोळू नये, एवढं घरातल्या मोठ्या बायकांनीच त्यांना सांगितलेलं चांगलं. सुईने रक्त काढायचं नसतं, त्याने जंतू आत जातात. सूज डोकंभर पसरू लागली, कानापर्यंत उतरली किंवा बाळ पांढुरकं पडलं तर मात्र धावत रुग्णालयात.

किती दिवस थांबायचं?

शेक सुरू करून तीन दिवस. तीन दिवसांत कमी नाही, किंवा दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर फॅमिली डॉक्टर. मधुमेह, केमोथेरपी, स्टेरॉइड, गरोदरपण, किंवा वय एक वर्षाच्या आत असेल तर तीन दिवसही नाही, पहिल्याच दिवशी.

त्याच दिवशी, रात्र असली तरी: १०१ च्या वर ताप आणि थंडी, लाली कपाळाकडे किंवा पापणीकडे सरकणं, मान ताठणं, बडबडणं किंवा ग्लानी. सर्दी-सायनस सुरू असलेल्या मुलाच्या कपाळावर मऊ सूज आणि जोराची डोकेदुखी हेही याच यादीत. तिथे कपाळाच्या हाडापर्यंत संसर्ग गेलेला असू शकतो.

घाईचं नाही, पण दोन आठवड्यांच्या आत: हाडाला चिकटलेली, वाढणारी गाठ. चार आठवडे न भरणारी, रक्त येणारी जखम, विशेषतः टक्कल पडलेल्या, उन्हात काम केलेल्या डोक्यावर. रंग बदलणारा तीळ. नाडीसारखी उडणारी गाठ. आणि पूर्वी स्तनाचा, थायरॉइडचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग झालेल्याच्या डोक्यावर कोणतीही नवी गाठ. ‘दुखत नाही’ हे या सगळ्यांत थांबायचं कारण नाही.

दवाखान्यात जाताना त्या दिवशी तेल लावू नका, केसांखाली काही दिसत नाही. मेंदी आणि कलप आठवडाभर पुढे ढकला. सोबत ते दोन फोटो, तापाच्या नोंदी आणि लावलेल्या, घेतलेल्या प्रत्येक औषधाचं वेष्टन न्या, केमिस्टने सुटी दिलेली गोळी असली तरी. गाठ कुठे आहे ते घरीच कानापासून बोटं मोजून लक्षात ठेवा. दाट केसांत डॉक्टरांसमोर ती नेमकी सापडत नाही.